दोनशे रुपयांत मलकपेट

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय घोड्यांच्या शर्यतीबद्दल. घरात सासरेबुवा बसलेत म्हणून रेडिओचा आवाज कमी करू नका, मी जुगार शिकवायला आलेलो नाही. रविवारचा एक दिवस, दोन माणसं आणि खिशाला झेपेल एवढ्या खर्चात घोडे कसे बघून यायचे, एवढंच सांगायचंय. त्यात आमच्या मामांची एक गोष्ट येणार आहे. ती आली की मी वाहवत जातो, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो.

रेस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मुंबईचं महालक्ष्मी येतं. आपल्याला एवढं लांब जायचं कारण नाही. लातूर, धाराशिव, बीडकडच्या लोकांना पुणं सोयीचं. पुण्याच्या लष्कर भागातल्या रेसकोर्सवर पावसाळ्यात, जुलैपासून शर्यती असतात. हिवाळ्यात तेच घोडे मुंबईला जातात. पण नांदेड, परभणी, हिंगोलीवाल्यांनी सरळ हैदराबाद गाठावं. तिथलं मलकपेटचं मैदान सहावे निझाम मीर महबूब अली खान यांच्या काळातलं, १८८६ सालचं. १९४८ पर्यंत आपणही निझामाच्याच राज्यात होतो. माझे आजोबा नांदेडला 'गाव' म्हणायचे आणि हैदराबादला 'शहर'. 'शहराला जाऊन येतो' म्हणजे हैदराबादला. आता आमची पोरं शहर म्हटलं की पुणं धरतात आणि हैदराबादला फक्त विमानासाठी जातात. असो.

काचिगुडा स्टेशनाला उतरलात की मलकपेट जवळच. आता मेट्रोचं स्टेशनही आहे. पावसाळी हंगाम आणि हिवाळी हंगाम, असे दोन. शर्यतीचा दिवस पक्का करूनच तिकीट काढा. नाहीतर जाल आणि कुलूपबंद फाटक बघून चारमिनारला बांगड्या घेऊन परत याल. बांगड्यांचा खर्च रेसपेक्षा जास्त होतो, हे अनुभवाचे बोल आहेत.

आता पैशाचं. घरून निघताना तीन पाकिटं करा. पहिल्यात प्रवास आणि खाणं. दुसऱ्यात गेटचं तिकीट आणि रेसचं पुस्तक. तिसऱ्यात घोड्यावर लावायचे पैसे. आणि हे तिसरं पाकीट घरातून निघतानाच हरलं असं समजा. पुन्हा सांगतो, नीट ऐका: तिसरं पाकीट हरलेलं आहे. परत आलं तर दिवाळी, नाही आलं तर तक्रार नाही. पहिल्या पाकिटातले पैसे तिसऱ्यात घालायचे नाहीत. एटीएमचं कार्ड बायकोकडे. मेंबर लोकांचा भाग वेगळा, आपण साध्या, जनतेच्या भागात जायचं. घोडे तेच, ऊन तेच, तिकीट स्वस्त.

एक हिशेब बघा. बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटात संपते. दिवसभरात सात-आठ शर्यती. म्हणजे चार तास तुम्ही तिथं असता आणि घोडे प्रत्यक्ष पळतात जेमतेम दहा-बारा मिनिटं. मधल्या वेळात माणूस कुठं उभा राहतो, त्यावर दिवस स्वस्त जातो की महाग ते ठरतं. पैसे लावायच्या खिडकीपाशी उभा राहिला तर महाग. पॅडॉकपाशी उभा राहिला तर फुकट. पॅडॉक म्हणजे कठड्याच्या आतलं ते गोल अंगण, शर्यतीआधी घोडे तिथं फिरवून दाखवतात. आमचे मामा अख्खा दिवस त्या कठड्यापाशी उभे होते. तर आता मामा.

साल १९९१, श्रावण. मी बँकेत कारकून. मामांचा नांदेडला टांगा होता, स्टेशन ते गुरुद्वारा. घोडीचं नाव चिमणी. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घेतलेली. मार्गशीर्षातली ती जत्रा तुम्हाला ठाऊकच आहे, घोडे, उंट, गाढवं, सगळा बाजार. मामा तिथं दरसाल जायचे, घ्यायचं नसलं तरी. घोड्याचं तोंड उघडून दात बघायचे, पायावरून हात फिरवायचे, अंगावरच्या केसांचे भोवरे मोजायचे आणि मालकाला किंमत न विचारता पुढं जायचे. मालक चिडायचे.

त्यांना मी सहज म्हटलं, हैदराबादला रेस बघायला येता का? मामा म्हणाले, "भाच्या, जन्मभर घोडं पाहिलं ते कशाला ना कशाला जुंपलेलं. एकदा नुसतं पळताना बघू दे."

दोघांत मिळून दोनशे रुपये. तेव्हा छोटी लाईन होती, गाडी रात्रभर डुलत डुलत गेली. मामींनी दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सकाळी स्टेशनातच संपवली. मामा धोतर, काळी टोपी आणि हातात पिशवी. पिशवीत मूठभर हरभरे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "घोड्याच्या घरी रिकाम्या हातानं जायचं का?" हरभरे अर्थातच कुणी घालू दिले नाहीत. रेसच्या घोड्याचं खाणं मोजूनमापून असतं आणि परक्या माणसानं काही चारणं चालतच नाही. तुम्हीही तो प्रयत्न करू नका.

जाणं-येणं, चहा, गेट सगळं धरून हातात उरले चाळीस रुपये. दहाच्या चार नोटा. पहिल्या दोन शर्यतींत मी दोन नोटा घालवल्या. एक घोडा नाव आवडलं म्हणून, दुसरा माझ्या जन्मतारखेचा नंबर म्हणून. हसू नका, आजही निम्मे लोक असेच लावतात. लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्तासारखं, आकडा जुळला की झालं.

मामा शर्यत बघायला प्रेक्षकांच्या स्टँडवर आलेच नाहीत. कठड्यापाशी उभे. डोळे मिटलेले. मला वाटलं, प्रवासानं थकले, झोपले उभ्या उभ्या. टांगेवाले तसे झोपतात.

तिसरी शर्यत, आठ घोडे. तीन नंबरचा कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा होता, तेलपाणी केल्यासारखा चमकत होता, सगळ्या लोकांचा जीव त्याच्यावर. बोर्डावर बघावं तर सगळ्यात जास्त पैसे त्याच्यावरच लागलेले. सईस, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, एकेक घोडा फरशीच्या वाटेवरून पॅडॉकमध्ये आणत होता. आणि मामा डोळे मिटूनच म्हणाले, "ऐक."

मी म्हटलं, काय ऐकू?

"हा चाललाय तो. टप, टप, टप, टच."

मला चारही टप सारखेच ऐकू आले. तुम्हालाही आले असते. पण पस्तीस वर्षं ज्यानं स्वतःच्या घोडीच्या टापा ऐकत डांबरी रस्त्यावर पोट भरलं, त्याला चौथा आवाज वेगळा लागला. मामांनी डोळे उघडले आणि कठड्यावर वाकून थेट ओरडले, "ओ भाई! पिछला सीधा नाल ढीला है!" आपल्याकडे उजव्याला सीधाच म्हणतात.

मी त्यांचा सदरा ओढतोय. "मामा, गप राहा, हाकलतील."

"कामून गप राहू? घोडं पळताना नाल निसटली तर पायाचं वाटोळं व्हतंय."

सईसानं आधी दुर्लक्ष केलं. मग थांबला. पाय उचलून बघितला. हात वर केला. कुणीतरी डॉक्टर आले, त्यांच्या मागून नालबंद पेटी घेऊन आला. त्यानं पाय दोन गुडघ्यांत धरला, जुनी नाल काढली, नवी ठोकली. टोकं वळवली, कानस फिरवली. आमच्यासमोर, पाच मिनिटांत.

पण तोवर मागं काय झालं होतं? लोकांनी निम्मंच ऐकलं होतं. 'नाल ढीला'चं दोन मिनिटांत 'घोडा लंगडा' झालं. आपल्या गल्लीत बातमी जशी फिरते तशी. लोकांनी धडाधड सहा नंबरवर पैसे लावले.

आता इथं टोट म्हणजे काय ते सांगून टाकतो, गोष्टीच्या ओघातच कळेल. टोटवर सगळ्या लोकांचे पैसे एका हंड्यात पडतात. त्यातून कर आणि क्लबचा हिस्सा काढतात. उरलेलं, ज्यांचं बरोबर आलं त्यांच्यात वाटतात. म्हणजे तुम्ही क्लबशी खेळत नाही, शेजारी उभ्या माणसाशी खेळता. ज्या घोड्यावर सगळे लावतात तो जिंकला तरी वाट्याला चिल्लर येते. लोक पळाले की तोच घोडा भाव खातो.

मामा म्हणाले, "दहा रुपये दे. तीन नंबर."

मी म्हटलं, विन?

"इन-बिन नको. पहिला यायचं का नाही ते त्या घोड्यावर. पहिल्या तिघांत येईल, ते मी सांगतो."

त्याला प्लेस म्हणतात. आठ किंवा जास्त घोडे असले की पहिल्या तिघांत आला तरी पैसे मिळतात. विनपेक्षा कमी मिळतात, पण कमी खिशाच्या माणसाला हेच बरं. पुन्हा सांगतो: खिसा लहान असेल तर प्लेस. टनाला, जॅकपॉट यांच्या नादाला लागू नका. टनाला म्हणजे पहिले तीन घोडे क्रमानं सांगायचे, जॅकपॉट म्हणजे ओळीनं पाच शर्यती बरोबर सांगायच्या. आपल्याला घरातली पाच माणसं जेवायला एका वेळी बसवता येत नाहीत.

मी मात्र शहाणा. शेवटचे दहा सहा नंबरवर लावले, लोकांचं ऐकून.

मामा त्या शर्यतीला पहिल्यांदा स्टँडवर आले. घोडे वळणावरून सरळ रेषेत आले तेव्हा आधी आवाज आला, मग दिसले. जमीन पायाखाली हलते, श्रोतेहो, हे टीव्हीवर कळत नाही. पाचशे किलोचं जनावर ताशी साठच्या वेगानं तुमच्या समोरून जातं आणि त्याचा श्वास ऐकू येतो, भात्यासारखा. तीन नंबर मानेच्या अंतरानं दुसरा आला. माझा सहा नंबर सहावाच आला, तेवढा तो प्रामाणिक निघाला.

मी रागानं तिकिटं फाडणार, तर मामांनी हात धरला. कामाची गोष्ट आहे, लिहून घ्या: निकाल पक्का झाल्याची खूण बोर्डावर येईपर्यंत तिकीट फाडायचं नाही. कधी कधी जॉकी तक्रार करतो की मला आडवं घातलं, चौकशी होते, नंबर बदलतात. तिकीट फाडायचं नाही. जमिनीवर टाकायचंही नाही, कचरा होतो. आपल्या लोकांना मैदान दिसलं की कचरा का करावासा वाटतो, हा वेगळा विषय आहे. आपल्या जत्रांमध्ये तर विचारूच नका.

मामांना दहाचे सतरा मिळाले. सात रुपये फायदा. मला वाटलं, आता पुढच्या शर्यतीला लावतील. मामा गायब. शोधत गेलो तर कठड्याच्या कोपऱ्यावर तो नालबंद आणि सईस, दोघांना चहा पाजत मामा उभे. दख्खनी बोलीत तिघांची मैफल जमलेली. खिळा कुठल्या अंगानं मारायचा, खूर किती छाटायचा, पावसाळ्यात खूर मऊ पडतो त्याचं काय करायचं. त्या सात रुपयांत दोन-दोन चहा आणि बिस्किटं झाली. दोन शर्यती निघून गेल्या. मी चिडलो होतो तेव्हा. आता वाटतं, त्या दिवशी मैदानावर पैसे कुणी वसूल केले असतील तर मामांनी. निघताना नालबंदानं ती जुनी नाल मामांच्या हातावर ठेवली.

काचेपलीकडून मला बोट दाखवताहेत, वेळ होत आली. भराभरा सांगतो. रेसच्या पुस्तकात घोड्याच्या नावापुढं त्यानं पाठीवर न्यायचं वजन लिहिलेलं असतं. चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात, म्हणजे सगळे जवळजवळ यावेत. जॉकी हलका असला तर शिशाचे तुकडे घालून वजन भरतात. पॅडॉकमध्ये घोडा उगाच घामाघूम झालेला असेल तर विचार करा. मैदानाबाहेर कुणी 'अंदरची खबर' विकायला आला तर नमस्कार करून पुढं जा. त्याला खबर असती तर तो ती तुम्हाला वीस रुपयांत विकत नसता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय, ते खरंच आहे, पण कौशल्य मामांकडं होतं, माझ्याकडं नव्हतं. आणि कराचं लक्षात ठेवा. शर्यतीवर लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के झाला. म्हणून दिवसभरात दोन, फार तर तीन तिकिटं. बाकी वेळ कठड्यापाशी. तिसरं पाकीट हरलेलं आहे, विसरू नका.

हं, त्या नालेचं राहिलं. नांदेडला आल्यावर मामांनी ती मोठ्या तोऱ्यात मामींच्या हातात दिली. आपल्याकडं दाराला नाल ठोकतात, ती काळ्या घोड्याची, लोखंडी, हातात घेतली की मनगट खाली जातं अशी. रेसच्या घोड्याची नाल ॲल्युमिनियमची असते. मामींनी ती तळहातावर उडवून बघितली आणि म्हणाल्या, "ही नाल हाय का डब्याचं झाकण?" तरी ठोकली दारावर. एकाच खिळ्यावर, कारण दुसऱ्या भोकात आपला खिळा जाईना. दार उघडलं की ती हलायची आणि टच करून वाजायची. मामा आत बाजेवर पडलेले असायचे, तिथूनच ओरडायचे, "सैल हाय ती, ठोका रे कुणीतरी!"