ताजमधलं आपलं नागपूर

हा गांधीसागरजवळचा एम्प्रेस मॉल तर तुम्ही पाहिलाच असेल. या जागेवर आधी एम्प्रेस मिल होती, घरातल्या जुन्या माणसांना विचारा, तासभर सांगत बसतील. पण आजचा व्हिडिओ मिलवर नाही, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर आहे. आता म्हणाल, काहून भाऊ, ताजचा अन् नागपूरचा काय संबंध? आहे ना, दोन-दोन आहेत.

पहिला पैशाचा. जमशेटजी टाटांनी इथे तलावाकाठची दलदलीची जागा घेतली, त्यात भराव टाकायला लागले, तर इथल्या एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला चक्क नाही म्हटलं, म्हणे हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय. १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली आणि अशी काही चालली की तोच सावकार नंतर म्हणाला, यांनी माती टाकली अन् सोनं काढलं! टाटांच्या श्रीमंतीचा पाया इथला, कापसाचा.

पुढे जमशेटजींनी स्वतःच्या पैशातून मुंबईत हॉटेल काढायचं ठरवलं तेव्हा त्यांची बहीण वैतागली, की बंगलोरला विज्ञानाची संस्था काढतोस, पोलादाचा कारखाना काढतोस आणि आता काय भटारखाना? तो भटारखाना १६ डिसेंबर १९०३ ला उघडला. इमारतीचं मूळ डिझाइन सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं, विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, सगळा थाट, आणि समोरचं गेटवे तेव्हा नव्हतंच, ते १९२४ मध्ये पूर्ण झालं. जमशेटजींना मात्र हे वैभव जेमतेम पाच महिने बघायला मिळालं.

दुसरा संबंध भिंतीवरचा. ताजकडे चित्रांचा मोठा संग्रह आहे, लॉबीत हुसेन यांचं भलंमोठं चित्र आहे, आणि याच संग्रहात चित्रकार वासुदेव गायतोंडे आहेत, जन्म १९२४, नागपूर! खरं सांगायचं तर ते वाढले गोव्यात आणि मुंबईत, म्हणजे आपले म्हणताना थोडं ओढूनताणूनच आहे, पण चालतंय, आपण सोडणार नाही. ताजच्या आर्ट गॅलरीत त्यांची प्रदर्शनंही झाली. चित्र जवळून बघा, ब्रशचे फटकारे दिसणार नाहीत, कारण ते रोलरने रंग चढवायचे, पॅलेट नाइफने खरवडायचे, मधेच रंग लावलेले कागदाचे तुकडे कॅनव्हासवर दाबून उचलायचे, थरावर थर, त्यामुळे रंग आतून उजळल्यासारखा वाटतो. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं, ते बघायला मात्र ते नव्हते, २००१ मध्येच गेले.

२६/११ ला ताज पेटलं तेव्हा चित्रांना नुसती आग नाही नडली, धूर, बंबांचं पाणी, वर एसी बंद म्हणून दमट हवा अन् बुरशी. मग एकेक कॅनव्हास साफ करून दुरुस्त केला, जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला परत उघडली.

तर मुंबईला गेलात की गेटवेसमोर सेल्फी काढून लगेच परत फिरू नका, लॉबीत शिरा. चहा महाग आहे, तो नाही घेतला तरी चालेल.