पेटीतली लग्नं, वहीतली मरणं

(दृश्य: रामकुंडाजवळचा जुना वाडा. फडताळात लाल कापडात बांधलेली बाडं.)

नाशकात तीर्थोपाध्यायांच्या ओसरीवर बसलं की प्रश्न दोनच येतात. आडनाव काय, आणि मूळ गाव कुठलं? तेवढ्यावर नेमकी वही निघते. तिच्यात घराण्याची नामावळ असते: आलेल्याचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, भाऊ, मुलगे, गाव, तिथी आणि येण्याचं कारण. जुनी पानं मोडी लिपीत. कारण पुष्कळदा तेच, कुणाच्या तरी अस्थी किंवा कुणाचं तरी श्राद्ध.

हे कुणी इतिहासासाठी लिहिलेलं नाही. यजमान आपला की शेजारच्या उपाध्यायांचा, हा रोकडा प्रश्न होता आणि वही हा त्या हक्काचा पुरावा. म्हणून तर ती जपली गेली. नुसत्या भक्तीवर एवढी टिकली असती असं वाटत नाही.

(दृश्य: लाकडी पेटी. घडी घातलेलं पत्र हळूहळू उलगडतं.)

दुसरं दप्तर घरच्या पेटीतलं. एकोणिसाव्या शतकातलं घरगुती पत्र उघडलं की आधी मायना. तीर्थरूप राजश्री अमुक यांचे सेवेसी, बालके तमुक याचा कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वडील मंडळींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कागद बहुधा जुन्नरी, लेखणी बोरूची, शाई काजळीची. ओली अक्षरं सुकावीत म्हणून वर बारीक वाळू भुरभुरायची, मग झटकायची. कामाचं बोलणं शेवटी, कधी जागा संपली म्हणून समासात आडवं: ज्वारीचा भाव, पाऊस, मुलाची मुंज, गावात आलेली पटकी, म्हणजे कॉलरा.

मायना वाचताना कंटाळा येतो खरा. तरी एका घरातली पत्रं मितीवार लावून पाहा. त्याच बाईच्या नावामागे आधी चि. सौ. येतं, पुढे नुसतं सौ., आणि मग एका पत्रापासून विधवेचं गं. भा. मधे काय झालं ते सांगणारं पत्र मात्र पेटीत नाही. अशुभ पत्र घरात ठेवायची रीतच नव्हती. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं, अंघोळ करायची. लग्नाच्या पत्रांना कुंकवाचं बोट लागलं आणि ती उरली. मरणाची पत्रं वाचल्या दिवशीच संपली.

ती मरणं सापडतात गंगेवर. नाशिककराला गोदावरी म्हणून सांगावं लागत नाही, गंगाच. पेटी आणि वही शेजारी ठेवली की मगच त्या घरचा संसार पुरता वाचता येतो.

(दृश्य: अर्ध्या आण्याचं तिकीट. एक पैशाचं कार्ड.)

पेशवाई १८१८ साली बुडाली, पण पत्राची चाल लगेच बदलली नाही. चिठ्ठी न्यायला ओळखीचा माणूस किंवा कासीद, म्हणजे पायी निरोप्या, लागे. बदल आणला तो टपालानं. १८५४ पासून पाव तोळ्याचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. १८६५च्या आरंभी थळ घाटाची चढण रुळांनी पार झाली आणि मुंबईची गाडी, टपालासकट, सरळ वर येऊ लागली. जुलै १८७९ मध्ये एक पैशाचं कार्ड आलं, पुढच्या वर्षी टपालातली मनिऑर्डर. मुलगा शिकायला बाहेरगावी असला तर पैसे धाडायला तोवर हुंडी किंवा भरवशाचा पांथस्थ, एवढेच मार्ग होते.

कार्डावर निम्मं पान नमस्कारांत घालवणं परवडेना. सा. न. वि. वि. एवढ्या चार अक्षरांत सगळा मायना बसवायचा. ही आद्याक्षरं आधीही होती, पण कार्डानं त्यांना खरं काम दिलं. बरं, कार्ड उघडं. गुपित लिहायचं तर पाकीटच हवं.

तारखांचा गोंधळ निराळाच. ते १८७९ साल घरच्या पत्रात शके १८०१ आणि जूननंतरच्या महसुली कागदात फसली १२८९. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे. अडखळतो तो आज वाचणारा.

(दृश्य: रोख्याचा तळ. शाईनं काढलेला छोटा नांगर.)

ज्यांना लिहिता येत नव्हतं, तेही कागदावर आहेत. कर्जरोख्याच्या तळाशी कुणब्याची निशाणी नांगर, बाईची निशाणी बांगडी. नांगर अगदी दोन-तीन रेघांचा, पण फाळ कुठे आणि रुमणं, म्हणजे धरायची मूठ, कुठे ते बरोबर कळतं. त्याच्याशेजारी नाव लिहिलंय ते दुसऱ्याच्या हातचं. व्याजाचा आकडाही त्याच हातचा.

(दृश्य: शरणपूर रस्ता, सकाळची रहदारी.)

याच नाशकात अशीही मुलं होती, ज्यांची नामावळ कुठल्याच वहीत निघाली नसती. १८५४ साली मिशनऱ्यांनी शहराबाहेर शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना पुढे तिथे आणून शिकवलं जाई, लिहिणं-वाचणं आणि हातचा एखादा धंदा. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, या प्रश्नांना त्यांनी काय सांगावं? नावंसुद्धा मिशननं दिलेली.

त्यांतला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेतला प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारला, तेव्हा सोबतच्या माणसांत जेकब होता. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबनं वाचली, झाडाच्या खोडावर नाव त्यानंच कोरलं. देह घेऊन ही माणसं काही महिने किनाऱ्याकडे चालत राहिली. वाटेत शोधपथकाला मृत्यूची बातमी कळवणारं पत्र गेलं, तेही जेकबच्या अक्षरात. त्यानं रोजनिशीही ठेवली होती. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत नाशकात शिकलेला हा तरुण होता.