वेर्ण्यातील संशोधन कोणाच्या पैशाने?

गोव्यातील वेर्ण्याच्या पठारावर औषध कंपन्यांचे कारखाने शेजारीशेजारी उभे आहेत. मालक वेगळे, गुपिते वेगळी. पण इथला अनुभवी केमिस्ट जास्त पगारावर दुसरीकडे गेला, की कामात मुरलेली जाणही त्याच्यासोबत जाते. नवी गोळी बाजारात आली, की प्रतिस्पर्धी ती आणून तपासतातच.

ज्ञानाच्या या गळतीचा हिशोब मांडू. समजा, एका प्रयोगाला 10 कोटी लागतात. तो करणाऱ्या कंपनीला 8 कोटी मिळतील, शेजारच्या कंपनीला आयते 6 कोटी. एकूण लाभ 14 कोटींचा, तरीही प्रयोग कोणीच हाती घेणार नाही. सरकारने एकीला 3 कोटी अनुदान दिले, तर तो होईल. पण दोघींनी 5-5 कोटी घालून लाभ वाटून घेतला, तर अनुदानाशिवायही होईल. करदात्याचा पैसा वाचेल.

1988 मध्ये द'अस्प्रमाँ आणि जॅकमँ या अर्थतज्ज्ञांनी दोन कंपन्यांच्या बाजाराचे गणित मांडले. ज्ञानाची गळती निम्म्याहून जास्त असेल, म्हणजे एकीच्या संशोधनाचा निम्म्याहून जास्त भाग दुसरीला आयता मिळत असेल, तर संशोधन मिळून आणि विक्री स्पर्धेने केल्यास संशोधन वाढते. गळती कमी असेल, तर मात्र एकत्र आलेल्या कंपन्या हात आखडता घेतात. म्हणून प्रत्येक भागीदारीला सरसकट टाळ्या नकोत.

अमेरिकेत 1987 मध्ये 14 चिप कंपन्या ‘सेमाटेक’ या संयुक्त संशोधन उपक्रमात एकत्र आल्या. सरकारने वर्षाला सुमारे 10 कोटी डॉलर दिले. पुढे अर्विन आणि क्लेनो यांनी तपासले, तेव्हा सदस्य कंपन्यांचा एकूण संशोधन खर्च कमी झालेला दिसला. तेच प्रयोग जागोजागी करणे थांबले, असा त्याचा अर्थ लागतो. मग अनुदान हवेच होते का, हा प्रश्न रास्त आहे.

धोका दुसराही आहे. प्रयोगशाळेत भेटणारे लोक किमतींवरही बोलू शकतात. आपला 2002 चा स्पर्धा कायदा किमती ठरवणारे करार घातक धरतो, पण कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना त्या गृहीतातून वगळतो. वेर्ण्याला ही वाट मोकळी आहे.

कारखाने आणण्यासाठीच्या करसवलतीची स्पर्धा गोव्याला परवडणारी नाही. 2003 मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडमधील उद्योगांना अबकारी शुल्कातून सूट मिळाली आणि औषध कारखाने तिकडे वळले. सवलत दुसऱ्या राज्यातही मिळू शकते. इथे जमलेली माणसे आणि त्यांची जाण सहज हलत नाही.

गोव्याने पैसा घालायचाच, तर सामायिक प्रयोगशाळेत घालावा. महागडी तपासणी यंत्रे ज्यांना झेपत नाहीत, त्या छोट्या कारखान्यांनाही तिथे जागा असावी. निष्कर्ष सर्व भागीदारांना मिळावेत, आणि किंमत ज्याची त्याने ठरवावी.