चेडू काळा आसा, पण…

(दृश्य: देवळामागची ओसरी. खिळ्याला टांगलेला आरसा, ट्यूबलाइट, काळा झगा.)

सिंधुदुर्गातल्या एका देवळाचा सभामंडप. रात्रीचे साडेदहा. पुढे सतरंजीवर पोरंटोरं, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि त्यांच्याही मागे कठड्यावर, आवडलं नाही तर उठून जाता येईल अशा बेताने बसलेले बाप्ये. आज दशावताराची कंपनी नाही. एक नट आणि एक मृदंगवाला, बस्स. पण नट आत येतो तो संकासुर होऊनच.

कोकणात संकासुर कोणाला सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच: मुख्य आख्यानाआधी जो आडदशावतार होतो, त्यात वेद चोरणारा हा राक्षस. अंगभर काळा पोशाख. इतर पात्रं छापील मराठीत बोलतात, हा मालवणीत. संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे याच्या तोंडून सरपंचही सुटत नाही. शेवटी विष्णूच्या हातून मरतो.

वर्षानुवर्षं हे सोंग काढल्यावर आमच्या नटाला एक गोष्ट टोचायला लागली. राक्षस काळा, आणि ज्याला हसायचं तोही काळाच.

(दृश्य: मंडप. मृदंगावर थाप.)

संकासुर एका मुलीचं स्थळ घेऊन आलाय. "चेडू काळा आसा…" म्हणतो आणि थांबतो. मृदंगही थांबतो.

अख्खा मंडप ओरडतो, "पण!"

हशा. पुढचं लोकच पुरवतात. पण नाकीडोळी नीटस. पण शिकलेला. पण स्वभावान बरा. खुर्चीतली एक आजी म्हणते, पण कामाक वाघ! तो सगळं ऐकून घेतो आणि सावकाश विचारतो, "आणि 'चेडू गोरा आसा, पण…' असा कधी आयकलात?"

अजून हसू आहे, पण जरा कमी.

रंगाआडून जात बोलते, हे मंडपात सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडे तो एकदाच वळतो. वाडीच्या विहिरीचं नाव घेतो, कठड्यावर कोणीतरी घसा खाकरतं, आणि हा पुढे सरकतो. मला विचाराल तर फार लवकर सरकतो. त्याला तसं म्हटलं, तर म्हणाला, "तो प्रयोग येगळो. तेका मंडप गावाक व्हयो." म्हणजे, मंडप मिळायला हवा.

दक्षिण आफ्रिकेत पीटर-डर्क एस हा गोरा नट १९८१पासून एकपात्री प्रयोग करत आला. वर्णभेदाचं सरकार तेव्हा गादीवर होतं. हा बाईच्या वेशात एविटा नावाची बडी गोरी बाई व्हायचा, सरकारप्रमुख बोथांची नक्कल करायचा, आणि समोरचे गोरे स्वतःच्याच घरातली वाक्यं ऐकून हसायचे. आमच्या नटाने त्याचे व्हिडिओ मोबाईलवर पाहिलेत. भाषा निम्मी कळली नाही म्हणतो. पण पुरुषाने लुगडं नेसून खरं बोलावं, यात दशावतारी माणसाला नवल ते काय?

एकटाच का, हेही त्याला विचारलं. कंपनीत दुसरा नट असला की लोक वाईटपणा त्याच्या माथी मारून मोकळे होतात. एकटा असला की शेठ तोच, गडी तोच. मग लोकांनी बघायचं कोणाकडे?

(दृश्य: आंब्याची बाग, पहाट. राखणीची खोप, बाहेर चूल.)

मोहोर धरल्यापासून मे महिन्यापर्यंत हापूसच्या कितीतरी बागा नेपाळी माणसं राखतात. रत्नागिरीच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणूनही तीच. माकडं हाकायची, फवारणीचे पाइप ओढायचे, रात्री बॅटरी घेऊन फिरायचं. हाक एकच. बहादूर, नाहीतर गुरखा.

(दृश्य: पुन्हा मंडप.)

प्रयोगाच्या शेवटाकडे नट काळा झगा उतरवतो. आत साधा शर्ट, कोपरावर विरलेला. कपाळाला बॅटरी बांधतो आणि मंडपातल्या बागायतदारांवर एकेक करून उजेड टाकतो. "तुमच्या बागेत कोण ऱ्हवता? तेचा नाव सांगा."

पहिला हसतो. दुसरा "बहादूर" म्हणतो आणि जीभ चावतो. तिसरा मोबाईलकडे बघतो. इथे मृदंग वाजत नाही. त्या रात्री ही शांतता इतकी लांबली की आमचा कॅमेरामन बॅटरी संपली की काय म्हणून बघायला लागला.

मग सतरंजीवरून एक पोरगी उठली. आठेक वर्षांची. तिने नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. ते इथे ऐकवत नाही, त्या माणसाला विचारलेलं नाही.

नटाकडे यापुढचं वाक्य नव्हतं. रोज कोणीच उत्तर देत नाही, म्हणून त्याने ते बांधलेलंच नव्हतं. त्याने खाली बसून तिला विचारलं, "तुका कसा म्हायत?"

"तेच्या चेडवाशी मी व्हिडिओ कॉलवर बोलतंय. बाबांच्या फोनवरसून."

"मगे बाबांच्या फोनात तेचा नाव आसा?"

पोरीने मान हलवली. "थंय 'गुरखा दोन' आसा."

मंडप हसला, अगदी दणकून, आणि हसता हसता एकेक जण थांबत गेला. नट हसला नाही. त्याने कपाळावरची बॅटरी विझवली.