दोन फुटांवरून दिसणारं घर

(दृश्य : फ्लॅटमधलं स्वयंपाकघर, सकाळ. कॅमेरा जमिनीपासून दोन फुटांवर.)

निवेदन :
उभ्यानं पाहिलं तर या घरात भीती वाटावी असं काहीच नाही. जरा खाली वाकू या, दीड वर्षाच्या मुलाच्या डोळ्यांपाशी. आता टेबलावरच्या कापडाचं लोंबणारं टोक दिसतं. ते ओढलं की चहाचा कप अंगावर येणार. सिंकखाली शीतपेयाची बाटली आहे. आत फिनेल आहे, हे आईला माहीत. मुलाला फक्त बाटली ओळखीची.

(दृश्य : बाथरूम. बादलीतून निघणारी वाफ.)

बादलीत आधी कढत पाणी काढायचं, मग विसण घालायचं, ही बऱ्याच घरांतली रीत. मध्येच दाराची बेल वाजते. मूल दोन पावलं मागं सरकतं आणि बादलीत बसतं. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण 5 सेकंदांत खोलवर भाजतं. मुलाची कातडी तर पातळच. आधी गार पाणी, त्यावर गरम, एवढा क्रम उलटा केला तरी पुष्कळ. भाजलंच, तर तो भाग 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट, बर्फ, हळद सुचवणारे शेजारी भेटतीलच. त्यांचं ऐकू नका.

(दृश्य : शेगडीची नळी, मग फरशी.)

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला की फरशीलगत साचतो, रांगणाऱ्याच्या उंचीवर. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बंद करायलासुद्धा नाही. बाहेर पडून 1906 ला फोन करा. बंद बाथरूममधला गॅस गिझर मात्र अशी सूचना देत नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासच नसतो.

(दृश्य : रात्रीचे तीन. अंधारा पॅसेज.)

आता आजीच्या चालीनं चालू या. रक्तदाबाची गोळी घेतलेली, झोपेतून उठून एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. चष्मा उशाशीच राहिला. बाथरूमचा दोन इंचांचा उंबरा, पुढं सरकणारं पायपुसणं, ओली फरशी. आणि दिवा लावला तर सगळे उठतील, म्हणून ती दिवा लावत नाही!

पडून जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सगळीच घरात पडतात असं नाही, पण जीव गमावणाऱ्यांत साठीपुढचेच जास्त. हाडं ठिसूळ झालेली असली की साध्या घसरण्यानंही खुबा मोडतो. मग अंथरूण, त्यातून न्यूमोनिया, पाठीला जखमा. हाड जुळतं, पण बरीच माणसं पुन्हा पूर्वीसारखी चालत नाहीत.

(दृश्य : भिंतीत ड्रिल. स्टीलची दांडी बसते आहे.)

उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसणं, पॅसेजमध्ये रात्रभर मंद दिवा, कमोडशेजारी धरायला दांडी. खर्च फारसा नाही. अडचण वेगळीच असते. “मला काय धाड भरलीय?” आजी म्हणते, आणि नव्या दांडीवर ओला टॉवेल वाळत घालते.

(दृश्य : पुन्हा रात्रीचे तीन. मंद दिवा. थरथरता हात पुढं येतो आणि टॉवेलसकट दांडी धरतो.)