कागद सभेपुढे येतो तेव्हा

(दृश्य: सदाशिव पेठेतील संध्याकाळ, रस्त्यावरची वर्दळ, मंडळाचे प्रवेशद्वार.)

पुण्याच्या सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराजवळ, भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तू आहे. नाटकाला निघालेली कितीतरी माणसे तिच्यावरून जातात. आत पंधरा लाखांच्या आसपास जुने कागद जपून ठेवले आहेत, हे त्यांच्यापैकी अनेकांच्या ध्यानीही येत नसावे. यांतील पुष्कळसे कागद मोडी लिपीत, तर काही फारसीत आहेत, आणि ते रुमालांत बांधलेले असतात. येथे रुमाल म्हणजे खिशातला हातरुमाल नव्हे. दप्तर ज्या फडक्यात बांधतात ते फडके आणि त्यातला गठ्ठा, दोन्ही मिळून रुमाल.

हे मंडळ ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी स्थापन केले. त्याआधी, १८९८ मध्ये, राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे होती. पुढे या मालेचे २२ खंड झाले. पेशवे दप्तर त्या काळी सरकारच्या ताब्यात होते आणि खासगी अभ्यासकाला ते सहजी खुले होत नसे, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले जाण्यास १९३०चे दशक उजाडावे लागले. साहजिकच राजवाडे आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले, आणि जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर वाळवी, पाऊस आणि विस्मरण यांच्या तावडीत सापडलेली दप्तरे त्यांनी मिळवली.

(दृश्य: सभागृह, खुर्च्या, वक्त्यासमोरचा कागद.)

मात्र कागद हाती आला म्हणजे इतिहास हाती आला, असे मंडळाने मानले नाही. पाक्षिक सभेची प्रथा त्यातूनच रुजली. ज्याला काही सापडले असेल त्याने त्यावर टिपण लिहावे, ते सभेपुढे वाचावे, आणि मग उपस्थितांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. अक्षराचे वळण त्या काळाचे आहे काय, शिक्का व मोर्तब, म्हणजे अखेरची मुद्रा, जागच्या जागी आहेत काय, मायना, म्हणजे पत्रारंभीचे संबोधन, लिहिणाऱ्याच्या आणि ज्याला लिहिले त्याच्या दर्जाला शोभतो काय, कागद अस्सल की नक्कल, असे प्रश्न येथे विचारले जातात. आपल्या घराण्याचा पराक्रम सांगणारी कैफियत मोठ्या अभिमानाने घेऊन आलेल्या माणसाला हे प्रश्न रुचतातच असे नाही. पण सभेचा खरा उपयोग नेमका तेव्हाच होतो.

सर्वांत अवघड प्रश्न बहुधा तारखेचा असतो. जुन्या पत्राच्या शेवटी अनेकदा 'छ १२ रजब' एवढेच आढळते. यातला 'छ' म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्याची तारीख. वर्ष कधी शुहूर सनात, म्हणजे अरबी वळणाच्या जुन्या कालगणनेत, 'सलास', 'अर्बा', 'खमस' अशा अरबी संख्याशब्दांनी लिहिलेले असते, आणि कधी लिहिलेलेच नसते. मग मजकुरातल्या घटना, माणसे आणि मुक्काम यांवरून वर्ष ठरवावे लागते व जंत्रीशी, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून दाखवणाऱ्या तक्त्याशी, ताडून पाहावे लागते. येथे एक वर्ष चुकले, तर मोहिमेआधीचे पत्र मोहिमेनंतरचे ठरते.

(दृश्य: शिवनेरी, पहाट.)

छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतिथी हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे १६२७ साल, ही बखरीच्या आधाराने चालत आलेली तिथी दीर्घकाळ सर्वमान्य होती. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे शकवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात प्रसिद्ध केली. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरीवर, असा नोंदवलेला आहे. तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे ही तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते. एका शकावलीवरून इतकी रूढ तिथी बदलावी काय, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो गैरवाजवी नव्हता. पुढे स. म. दिवेकर यांना तंजावर येथे कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची पोथी मिळाली. मंडळाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या काव्यातही शके १५५१चीच फाल्गुन वद्य तृतीया निघाली. राजस्थानचे इतिहासकार गौरीशंकर ओझा यांच्यामुळे उजेडात आलेली जन्मकुंडलीही त्याच बाजूची होती. कारी, तंजावर आणि राजस्थान, अशा परस्परांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणांहून आलेले पुरावे जुळले, तरीही वाद पुढे कित्येक दशके चालला. अखेर महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी हीच तारीख स्वीकारली.

राजवाडे स्वतः अखेरच्या काळात धुळ्यास राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले; त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. पुण्यातील मंडळाचे काम द. वा. पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी वाढवले. खरे यांचे फारसीवरील प्रभुत्व विशेष मोलाचे ठरले, कारण मराठ्यांविषयीचे निम्मे बोलणे प्रतिपक्षाच्या भाषेत झालेले आहे.

(दृश्य: फळ्यावर मोडी अक्षरे.)

आज अडचण निराळी आहे. कागद आहेत, परंतु ते वाचणारे डोळे थोडे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जाणारी मोडी नंतर मागे पडली, म्हणून मंडळात मोडीचे वर्ग घेतले जातात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. आधी आखलेल्या शिरोरेघेखाली अक्षरे एकसलग धावत जातात. 'दिन' की 'दीन' हे अक्षर सांगत नाही, ते वाक्यावरून ओळखावे लागते. नवा विद्यार्थी पहिल्या ओळीवर बोट ठेवतो, चार अक्षरे लावतो, अडखळतो, पुन्हा मागे येतो, आणि शब्द कोठे तोडायचा हे शेजाऱ्याला विचारतो.