तपासणी केवळ मण्याचीच का?

नाशिककर श्रोतेहो, येथे बसलेल्या अनेकांच्या घरी द्राक्षबाग आहे आणि उरलेल्यांचे कोणी ना कोणी निफाड-दिंडोरीकडे बाग करते, त्यामुळे एमआरएल म्हणजे औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा आणि पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांत ठेवायचे अंतर, हे मी विस्ताराने सांगत बसणार नाही. मला एकच प्रश्न मांडायचा आहे. औषधाचा अंश आपण द्राक्षाच्या मण्यात शोधतो. मिलीबग ही वेलीचा रस शोषणारी कीड खाणाऱ्या मित्रकिडीच्या पोटात तो का शोधत नाही?

त्यासाठी आधी २०१० चा हंगाम आठवावा लागेल, आणि तो मला विस्ताराने सांगू द्या, कारण ते शल्य अजून गेलेले नाही. त्या वर्षी आपली द्राक्षे युरोपात नाकारली गेली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, म्हणजे आपण बागेत ज्याला नुसते सीसीसी म्हणतो त्यामुळे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची शाखीय वाढ रोखून काडीत घड तयार व्हावेत म्हणून ते फवारले जाई. मणी धरणार ऑक्टोबर छाटणीनंतर, तेव्हा त्यात हे औषध कुठून येणार, असे सर्वांनाच वाटत होते. परंतु ते वेलीतच साठून राहिले आणि पुढे मण्यात उतरले. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या प्रयोगशाळांनी काहीही लपवले नव्हते. तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते, म्हणून अहवाल निर्दोष आले, आणि नुकसान मात्र सल्ल्याप्रमाणे फवारणी करणाऱ्या बागायतदाराने सोसले. नंतर यादीत रसायने वाढली, याचे श्रेय दिलेच पाहिजे. तपासायची वस्तू मात्र तीच राहिली.

अन्नसाखळीचा विषय निघाला की कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकचे उदाहरण दिले जाते. तेथे १९४९ पासून चिलटांसाठी डीडीडी हे कीटकनाशक वापरले गेले आणि पुढे मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत ते दहा लाख भागांत १,६०० भाग इतके सापडले. डीडीडी चरबीत साठत जाते. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही आजची कीटकनाशके पाण्यात विरघळतात, चरबीत तशी साठत नाहीत, म्हणून अन्नसाखळीला त्यांचा धोका नाही असे अनेक जण मानतात. मला हे मान्य नाही.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात सांगतो. २०१५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की थायमेथोक्झाम लावलेल्या बियाण्याची सोयाबीन रोपे खाऊन गोगलगायींना काही झाले नाही, पण त्या गोगलगायी खाणारे भुंगेरे लुळे पडले किंवा मेले. गोगलगायी वाढल्या आणि उत्पादन घटले. २०१९ साली स्पेनमधील संशोधनात संत्रावर्गीय झाडांना हीच दोन औषधे दिली, तेव्हा त्यावरील मिलीबगने सोडलेल्या गोड चिकट्यातून ती सिरफिड माशी आणि मिलीबगवरील परोपजीवी गांधीलमाशी यांच्यापर्यंत पोहोचली, आणि त्या मेल्या. म्हणजे फवारा अंगावर न पडताही मित्रकीड मरते. आपण ड्रेंचिंगमधून इमिडाक्लोप्रिड मुळांना देतो, तेव्हा आपल्या ओलांड्यावरचा, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरचा, चिकटा कोणी तपासला आहे?

मिलीबगसाठी आपण ती खाणारे क्रिप्टोलिमस ढालकिडे सोडतो. त्यांच्या पांढऱ्या मेणचट अळ्या मिलीबगसारख्याच दिसतात, म्हणून काही जण त्याही चिरडतात, ते वेगळेच. मिलीबगवरील बुप्रोफेझीन या औषधाने प्रौढ ढालकिडा सहसा मरत नाही, पण अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते. म्हणून माझी मागणी अशी की ज्या बागांतून निर्यातीसाठी मण्यांचे नमुने घेतले जातात, त्यांपैकी निदान काही बागांतून चिकटा, ढालकिडे आणि किडी खाणारे कोळी यांचेही नमुने घ्यावेत, आणि ते ड्रेंचिंगनंतर व ढालकिडे सोडण्यापूर्वी घ्यावेत. काढणीच्या तोंडावर घेऊन उपयोग नाही.